गारठ्याआधी घराकडे एक फेरी

निफाड तालुक्यात डिसेंबरच्या अखेरीस पारा उतरला की भल्या पहाटे द्राक्षबागांमध्ये हालचाल सुरू होते. बागायतदार विहिरीचं पाणी ठिबकने सोडतो, कारण त्या वेळी ते हवेपेक्षा उबदार असतं. जागोजागी शेकोट्या पेटवून बागेवर धूर धरतो. मणी तडकू नयेत, वर्षाची मेहनत वाया जाऊ नये म्हणून ही जागरणं. त्याच शिवारातल्या अनेक घरांत मात्र म्हातारी माणसं पत्र्याच्या खोलीत, गार फरशीवर एक पातळ गादी टाकून रात्र काढत असतात. उन्हाळ्याआधी आपण कूलरच्या जाळ्या बदलतो, पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, पत्र्याच्या भोकांना डांबर लावतो. हिवाळ्यासाठी ट्रंकेतून स्वेटर काढतो आणि तयारी झाली असं समजतो. घर आहे तसंच राहतं.

‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते’ हा समज यामागे आहे. पण पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. नागपूरने २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंशांची नोंद केली. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात. काश्मीरच्या मानाने हे काहीच नाही, हे खरं. पण तिथलं घर थंडीशी झगडायला बांधलेलं असतं, आपलं उन्हाळ्याशी. उंच छत, मोठे झरोके, शहाबादी नाहीतर टाइल्सची फरशी, पातळ भिंती, आत गरम करायला काहीच नाही. त्यामुळे पहाटे बाहेर आठ अंश असले की आतली हवाही अंगाला झोंबते. तान्ही बाळं, दमेकरी, हृदयविकाराची म्हातारी माणसं यांना हा गारठा चांगलाच बाधतो.

खर्चाचं गणित मांडण्याआधी थंडी घरात येते कुठून हे पाहायला हवं. आपला हिवाळा कोरडा आणि निरभ्र असतो. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमिनीची आणि छताची उष्णता रात्रभर थेट आकाशाकडे निघून जाते. यात सगळ्यात आधी हरतो तो पत्रा. तो पातळ, दिवसाची ऊब साठवून ठेवणं त्याला जमतच नाही. सूर्य मावळल्यावर तासाभरात तो निवतो आणि उत्तररात्री तर भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणून माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्या आतल्या अंगाला जमते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. पाऊस नसताना पांघरूण ओलं कसं, याचं कोडं अनेकांना पडतं. ते पाणी आपलंच असतं. सिमेंटचा स्लॅब याच्या उलट वागतो. दिवसभर ऊन पितो, रात्री दहा-अकरापर्यंत ते आत सोडत राहतो आणि पहाटे मात्र रिकामा होतो. खानदेश-मराठवाड्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांत हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीच्या जाड थराचं माळवद असल्यामुळे पहाटेचा कडाका आत फारसा पोचत नसे. ती घरं पाडून आपण पत्रा आणला, कारण माळवदाची दरवर्षी डागडुजी करावी लागते आणि ती करणारे हात उरले नाहीत. याचा दोष कुणाला देता येत नाही. पण पत्र्यासोबत आलेली थंडी आपण ओळखली नाही, हेही तितकंच खरं.

पत्र्याखाली दुसरं छत धरणं हा त्यावरचा सगळ्यात परिणामकारक आणि खिशाला परवडणारा उपाय. त्यासाठी महागडं पीओपी लागत नाही. आड्याखालून दोन्ही भिंतींना तारा ताणायच्या आणि त्यांवर बांबूचे तट्टे, शिवलेलं गोणपाट किंवा जुनी जाड ताडपत्री अंथरायची. पत्रा आणि हे छत यांत चार-सहा इंचांची हवा अडकली पाहिजे, कारण ऊब राखते ती ही हवा. तट्टा तिला फक्त जागच्या जागी धरून ठेवतो. उन्हाळ्यात हेच छत पत्र्याची धग अडवतं, म्हणजे एका खर्चात दोन ऋतू निभतात. मात्र थर्माकोल वापरू नका. तो पटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तट्टा किंवा गोणपाटही चुलीच्या आणि दिव्याच्या जवळ येऊ देऊ नका. स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर हे छत नकोच.

त्यानंतर फटी. त्या शोधायला उदबत्ती पुरते. थंड वारा सुटलेल्या पहाटे पंखे बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, खिडकीच्या चौकटीभोवती, पत्रा भिंतीवर टेकतो तिथल्या पन्हळींजवळून हळूहळू फिरवा, फक्त पडद्यांपासून जपून. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. जिथे तो आत ढकलला जातो तिथे खडूने खूण करा. दाराखाली एक सेंटिमीटरची फट सगळ्याच घरांत असते आणि ती कुणी मोजत नाही. दार ९० सेंटिमीटर रुंद असेल तर ती फट म्हणजे भिंतीला पाडलेलं तळहाताएवढं भोक. जुन्या जीन्सच्या पायात चिंध्या दाबून भरा, दोन्ही तोंडं शिवून टाका आणि रात्री ते लोडासारखं दाराशी लावा. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दिसायला घट्ट, पण त्यांच्या खाचांतून वारा शिट्टी घालत येतो. तिथे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चिकट फोमची पट्टी लावायची. शे-दोनशे रुपयांत एका खोलीचं काम होतं. पन्हळींच्या फटी चिंध्या कोंबून वरून माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवता येतात. पण सगळ्या नाही. उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या बुजवा, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला एक झरोका उघडा ठेवा. घरात माणसं श्वास घेतात, दिवा-शेगडी जळते. त्याला वाट हवीच. याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण दर हिवाळ्यात माणसं जातात ती याच चुकीमुळे.

आता अंथरूण. आपण पांघरुणांवर पांघरुणं चढवतो आणि खालच्या बाजूकडे दुर्लक्ष करतो. गार फरशी अंगातली ऊब रात्रभर ओढून घेते. वर तीन रजया असल्या तरी पाठ गारच राहते. खाली आधी चटई, तिच्यावर दोन-तीन पोती उसवून अंथरलेलं गोणपाट, मग घोंगडी आणि तिच्यावर गादी, असे थर करून पाहा. त्याच माणसाला एक रजई कमी लागेल. घोंगडी मुळातच या कामासाठी जन्माला आली आहे. दख्खनी मेंढीची आखूड, भरड लोकर आणि चिंचोक्यांची खळ यांमुळे ती अंगाला टोचते, पण तिच्या धाग्यांत हवा अडकते आणि थोडी ओल धरली तरी ती गार पडत नाही. ती अंगावर नको असेल तर अंगाखाली घ्या.

कापसाच्या गादीचंही असंच. वापरून वापरून कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि वजन तेवढंच राहून ऊब निम्मी होते. नवी गादी घेण्याऐवजी तीच पिंजून, खोळ बदलून घ्या. पिंजारी आता दारोदार फिरत नाहीत. पण तालुक्याच्या गावी कापूस पिंजायचं यंत्र ठेवणारं एखादं दुकान असतंच. ते जमणार नसेल तर गादी सलग तीन-चार दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि काठीने झोडपा. गोधडीला तर पैसेही लागत नाहीत, लागतो तो वेळ. जुन्या सुती साड्यांचे पाच-सहा थर आणि आडवा-उभा धावदोरा. पॉलिएस्टरच्या साड्या मध्ये घातल्या तर गोधडी घसरते आणि घामेजते, म्हणून निदान आतबाहेरचे थर तरी सुती हवेत. मऊ लुगड्यांची गोधडी बाळाच्या अंगाला लागते तशी दुकानातली कुठलीच रजई लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ज्या निरभ्र आकाशामुळे रात्र गारठते, तेच दिवसा ऊन फुकट देतं. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीवर रुंद छज्जा नसेल, तर ऊन खोलीत दोन मीटरपर्यंत आत येतं. सकाळी दहापासून चारपर्यंत दक्षिणेचे पडदे उघडे आणि सूर्य कलताच दारंखिडक्या बंद, एवढं वेळापत्रक घराने पाळलं तरी संध्याकाळचा फरक जाणवतो. आपल्याकडे नेमकं उलट होतं. सकाळी गारठा म्हणून सगळं बंद ठेवतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला दार सताड उघडं असतं. दिवेलागणी होऊ दे, पण पडवीचं दार उघडं राहिलं तर आतल्या खोलीचं लावून घ्या.

आता पाणी. हिवाळ्यात विजेचं बिल फुगतं ते मुख्यतः अंघोळीमुळे. वीस लिटरची बादली १५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते, म्हणजे १५०० वॉटच्या रॉडला पंचवीस मिनिटं. चार माणसांच्या घरात महिन्याला ७५ युनिटं इथेच संपतात. महावितरणचा १०० युनिटांनंतरचा घरगुती दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त असल्यामुळे दिवे, पंप, टीव्ही सगळं महागड्या टप्प्यात जातं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत सात-आठ अंशांनी तापलेलं असतं. घरातल्या ज्यांना शाळा-कामाची घाई नाही, त्यांनी अंघोळ दुपारी अकरा-बाराला केली तर त्यांच्या बादलीची तीसेक टक्के वीज वाचते, आणि म्हाताऱ्या माणसांना पहाटेच्या गारठ्यात ओलं व्हावं लागत नाही. सोलर बंब ऐपतीत असेल तर पहिल्या काही वर्षांतच तो आपले पैसे फेडतो. पाणी क्षाराचं असेल तर मात्र नळ्या तुंबतात. साफसफाईचा खर्च आधीच धरून ठेवा.

रॉड वापरताना एक शिस्त हवी. पाण्यात बुडवल्यावरच बटण सुरू करायचं, बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, अर्थिंग तपासून घ्यायचं. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर शॉक लागताच वीज तुटते. घरात लहान मुलं असतील तर हा खर्च सगळ्यात आधी करा.

गॅस गिझरविषयी मात्र कळकळीने सांगतो. बंद न्हाणीघरात तो जळत राहिला की आतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. माणूस आत घसरून पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं, अंघोळीला वेळ लागतोय. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते शक्य नसेल तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा आणि मगच आत जा. हाच नियम कोळशाच्या शेगडीला. तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला शेक द्यायचा तो दार-झरोका उघडा ठेवून; झोपण्याआधी शेगडी घराबाहेर गेलीच पाहिजे. निखारे विझल्यासारखे दिसले तरी ती आत ठेवून झोपू नये. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर ती थंडी नव्हे. सगळ्यांना लगेच मोकळ्यावर आणा आणि १०८ला फोन करा.

खोली तापवणाऱ्या हीटरची पाळी सगळ्यात शेवटी. दोन हजार वॉटचा हीटर रात्री तीन तास चालवला की महिन्याला १८० युनिटं. दोन लिटर पाणी २० अंशांवरून ६०वर नेण्याइतकी ऊर्जा तो तीन मिनिटांत खातो. तेवढंच पाणी रबरी पिशवीत घालून, पिशवी फडक्यात गुंडाळून आजीच्या पायाशी ठेवलं तर तिला शांत झोप लागते. खोली नव्हे, माणूस गरम राहिला पाहिजे. कानटोपी, पायमोजे आणि खालचं अंथरूण हे तिन्ही झाल्यावरही गारठा वाटला, तरच हीटरचा विचार करावा.

इथवर जे लिहिलं ते चार भिंती असलेल्यांसाठी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं हा सगळा हिवाळा कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत काढतात. त्यांची लेकरंबाळं, कधी म्हातारी माणसंही त्यांच्याबरोबर असतात. कोपीला बुजवायला फटी नाहीत, ती सगळीच फट आहे. तिथे उपयोगी पडतं ते एवढंच : उत्तरेच्या बाजूला दुहेरी ताडपत्री, खाली कोरड्या मातीचा वीतभर ओटा, त्याच्यावर प्लॅस्टिक, पोती आणि मग गोधडी, आणि चूल कोपीपासून दूर, कारण पाचटाला ठिणगी पुरते. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या चादरी, घोंगड्या, ताडपत्र्या ज्यांच्या घरी निघतील त्यांनी त्या धुऊन, वाळवून जवळच्या तळावर नेऊन द्याव्यात, आणि त्या नोव्हेंबरमध्येच द्याव्यात. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊन पडतात आणि कडाका डिसेंबरमध्ये सुरू होतो.