अडसर काढा, पायऱ्या गाळू नका

कचेरीतल्या ई-मेलच्या शेवटी ‘प्लीज एक्सपीडाइट’ हमखास येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात ‘हिअरिंग एक्सपीडायटेड’ असं लिहिलेलं दिसलं की पक्षकाराच्या मनात आशा जागी होते. प्रकरण लवकर सुनावणीला घ्यावं, एवढाच त्या शब्दांचा अर्थ; निकालाची तारीख त्यातून ठरत नाही. रोजच्या व्यवहारात इतका रुळलेला ‘एक्सपीडाइट’ हा शब्द आपण ‘घाई करा’ एवढ्याच अर्थानं वापरतो, आणि त्याचा नेमका आशय हातून निसटतो.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘पेस’ म्हणजे पाऊल आणि ‘एक्सपेडिरे’ म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणं. त्याच्या उलट ‘इम्पेडिरे’, म्हणजे पाय अडकवणं. त्यावरून इंग्रजीत ‘इम्पीड’ आला. मोहिमेला म्हणतात ते ‘एक्सपीडिशन’ याच कुळातलं. थोडक्यात, या शब्दाच्या मुळाशी धावणं नाही, सुटका आहे.

वापरातही हा फरक दिसतो. गाडी ‘अ‍ॅक्सिलरेट’ होते. अर्ज, सुनावणी, देयक, मालाची पाठवणी ‘एक्सपीडाइट’ करतात. माणसाला ‘हरी अप’ म्हणता येतं, एक्सपीडाइट मात्र कामच होतं. ‘एक्सपीडाइट फास्ट’ ही द्विरुक्ती आहे.

काम असं मोकळं कसं होतं, याचं चांगलं उदाहरण पेटंटच्या नियमांत सापडतं. २०१६ साली भारतात त्वरित परीक्षणाची सोय झाली. ती आधी प्रामुख्यानं स्टार्टअपसाठी होती. २०१९ मध्ये लघुउद्योग, महिला अर्जदार, सरकारी विभाग अशा आणखी काहींना ती खुली झाली. या अर्जदारांचा रांगेतला वेळ वाचतो, पण शोध नवा आहे का, त्यात कल्पकतेची पायरी आहे का, तो उद्योगात वापरता येईल का, या कसोट्या सगळ्यांना सारख्याच लागू राहतात. सवलत कुणाला, हे नियमातच लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं. एकाला पुढं घेतलं की दुसरा मागं राहतो, म्हणून पुढं घेण्याचं कारण सर्वांना दिसायला हवं. ते ओळखीपाळखीवर ठरू लागलं की उरते ती निव्वळ वशिलेबाजी.

कसोट्या न गाळता वेळ कसा वाचवावा, हा धडा तर करोनाच्या लशींनी साऱ्या जगाला दिला. एरवी चाचण्यांचा एक टप्पा संपतो, निष्कर्ष तपासले जातात, पुढच्या टप्प्यासाठी पैसा उभा राहतो आणि मंजुरीनंतर मोठं उत्पादन सुरू होतं. प्रत्येक सांध्यात महिनेच्या महिने जातात. २०२० मध्ये अनेक टप्पे एकमेकांत गुंफले गेले आणि नियामक संस्थांनी माहिती हाती येईल तशी तपासली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मंजुरीआधीच आर्थिक जोखीम पत्करून कोविशिल्डचा साठा करायला घेतला. ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापराच्या परवानगीची घोषणा झाली आणि १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. हजारो स्वयंसेवकांवरच्या चाचण्या मात्र टाळल्या गेल्या नाहीत. कापलं गेलं ते मधलं वाट पाहणं.

आपल्या दैनंदिन कामातही हाच विवेक हवा. वरिष्ठांच्या धाकानं तपासणीची पायरी गाळली, सही न वाचता झाली, तर काम वेगानं झाल्यासारखं वाटतं आणि पुढं दुरुस्तीत दुप्पट वेळ जातो. उलट, फाइल कोणत्या टेबलावर, कोणत्या कागदासाठी थांबली आहे हे शोधून तेवढा कागद मिळवून दिला, तर कुणावर न ओरडता ती हलते. म्हणून पुढच्या पत्रात नुसतं ‘एक्सपीडाइट’ लिहून थांबू नका. काम कशामुळं अडलं आहे, तो अडसर कोण काढू शकेल आणि कधीपर्यंत निघायला हवा, हे त्याखाली दोन ओळींत लिहा. पत्र वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळेल, आणि विनंतीला वजन येईल.