हजार किलोमीटरनंतरची दहा मिनिटं

गोंदियाहून दुपारी निघालेली विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी दादर सोडते, तेव्हा डब्यात एकच गडबड उडते. बर्थखालच्या बॅगा ओढा, चपला शोधा, पोरांना उठवा! पण जवळपास हजार किलोमीटरच्या या प्रवासातलं खरं नवल नेमकं तेव्हाच सुरू होतं. शेवटच्या जेमतेम चार किलोमीटरांत आंतरराष्ट्रीय मान मिळालेली दोन स्टेशनं आहेत. आधी भायखळा, मग सीएसएमटी.

रेल्वेच्या देखणेपणालाही बक्षीस? हो तर! ब्रुनेल पुरस्कार १९८५ पासून खास रेल्वेच्या वास्तुकलेसाठी आणि डिझाइनसाठीच दिले जातात. नाव इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल या ब्रिटिश इंजिनिअरचं. या पठ्ठ्याने आपल्या रेल्वेचे रूळ सात फुटांच्या अंतरावर टाकले होते. आणि गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी, आता ब्रॉडगेज झालेली आपली छोटी लाइन? ती होती अवघी अडीच फूट! दोन्हींवर आगगाड्याच धावल्या.

भायखळ्याचा पुरस्कार मात्र ब्रुनेल नव्हे, युनेस्कोचा. आशिया-पॅसिफिकमधल्या वारसा-जतनासाठीच्या २०२२ च्या पुरस्कारांत या स्टेशनाने ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ पटकावलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीच्या मार्गावरचं हे ठिकाण. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचं जुनं रूप परत आणलं गेलं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की सन्मान झाला तो रोज लोकलच्या गर्दीत वापरात असलेल्या स्टेशनाचा.

आणि सीएसएमटी! २००४ पासून जागतिक वारसा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. नक्षीकामात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. पण नक्षी क्षणभर बाजूला ठेवा आणि वर बघा. हातात मशाल आणि चाक घेतलेली ‘प्रगती’ ज्या अष्टकोनी दगडी घुमटावर उभी आहे, तो घुमट सेंटरिंगशिवाय बांधला आहे!

म्हणजे काय? कमान किंवा घुमट बांधताना गवंडी खाली लाकडी सांगाडा उभारतात. दगड त्यावर टेकवायचे, चुना धरला की सांगाडा काढायचा. इथे तो आधारच नव्हता. मग एवढे जड दगड खाली कसे आले नाहीत?

जुनी बांधीव विहीर आठवा. बाहेरून माती दाबत असते, तरी गोलातला एकही दगड आत निसटत नाही, कारण शेजारचे दोघे त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. घुमटाचंही तसंच. एक वेढा पूर्ण झाला की आत कलू पाहणारा प्रत्येक दगड शेजाऱ्यावर रेटतो, शेजारी त्याच्यावर, आणि पडायला वाटच उरत नाही. पण वेढा अर्धवट असताना? तिथे घुमटाच्या फासळ्यांनी साथ दिली. त्यांचे दगड एकमेकांच्या खाचांत अडकवलेले आहेत, सुतार कप्प्याचे कोपरे जुळवतो तसे.

बरं, एवढ्यावर भागलं म्हणावं, तर या घुमटाच्या थेट खाली मध्य रेल्वेच्या मुख्यालयाचा भव्य दगडी जिना आहे. त्याच्या पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलंय. दुसऱ्या टोकाला खांब नाही, काही नाही!