छिद्रे जुळली, पण वारा?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी लांब पल्ल्याची रायफल खास बनवून घेणारे मालक समाधानाचा पुरावा म्हणून बहुधा कागदी लक्ष्य दाखवतात: शंभर मीटरवर तीन गोळ्यांची जवळजवळ एकमेकींना चिकटलेली छिद्रे. तीन गोळ्या योगायोगानेही जुळतात. दहा-वीस झाडल्या की खरा विखुर दिसतो. पण तो पुरावा खरा धरला, तरी प्रश्न सुटत नाही. अर्ध्या कोनीय मिनिटाची अचूकता म्हणजे आठशे मीटरवर सुमारे 12 सेंटिमीटरचा विखुर, आणि एल्कच्या छातीतला मर्मभाग त्याहून बराच मोठा असतो. तिथे चूक होते ती वाऱ्याच्या अंदाजात. आडवा वारा ताशी पाच किलोमीटरने चुकीचा जोखला, तरी गोळी तीस-चाळीस सेंटिमीटर सरकते. शिवाय पोहोचायला तिला सेकंदाहून अधिक वेळ लागतो, तेवढ्यात जनावर पाऊल टाकते.

चांगली नळी, हलका ट्रिगर आणि खांद्याला बेतलेला दस्ता यांमुळे नेमबाजाच्या चुका घटतात, हा मालकांचा युक्तिवाद मला पटतो. मात्र घटतात त्या बंदुकीच्या आणि हाताळणीच्या चुका. वारा वाचायला अशी रायफल शिकवत नाही, उलट त्या कागदाच्या भरवशावर माणूस आणखी लांबून चाप ओढतो आणि जखमी जनावर डोंगरात हरवते. बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांचीच जुनी संस्था अशा अतिलांब नेमबाजीला विरोध करते, तो जनावराला धोका ओळखण्याची संधीच उरत नाही म्हणून.