रविवारी टँक धुऊ नका

पहिला निऑन टेट्रा बुधवारी दुपारी गेला. संध्याकाळपर्यंत आणखी तीन. शुक्रवारी टँकमध्ये रंगीत खडे, प्लास्टिकची झुडपं आणि झाकणाची उघडझाप करत बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा, एवढंच उरलं. वीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आदल्या रविवारी मी दुकानदाराने सांगितलं तसं सगळं मन लावून केलं होतं. मासे बादलीत काढले, खडे परातीत घेऊन तांदळासारखे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, काच घासली आणि ताजं पाणी भरलं. टँक इतका लख्ख कधीच दिसला नव्हता.

"निऑन नाजूकच असतो दादा, या वेळी मोली न्या," दुकानदार म्हणाला. मी मोली नेल्या. त्याही गेल्या.

दर रविवारी टँक धुणं हा आपल्याकडे जवळजवळ कुलाचार आहे. घरातली पोरं बादल्या धरतात, आई फरशी ओली झाली म्हणून ओरडते आणि मासे अर्धा दिवस टबात घालवतात. मासे मरतात ते बहुतेक वेळा याच स्वच्छतेने. कारण साधं आहे. माशाच्या कल्ल्यांतून पाण्यात सतत अमोनिया सुटत असतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजलेलं पान यांतूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. काचेच्या पेटीत जायला जागाच नसते. मग मासे जगतात कसे? काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, म्हणून पाण्यात हवा असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. दुसरे जिवाणू या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि वनस्पतींना खत म्हणून चालतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. मी नळाखाली पिळून पांढरा केला तो स्पंज म्हणजे त्यांची अख्खी वस्ती होती, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जिवाणू मारण्यासाठीच. ही वस्ती नव्याने उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी तिला दर सात दिवसांनी उखडत होतो.

म्हणजे नवा टँक महिनाभर माशांवाचून ठेवायचा? हो, ठेवायचा. चिमूटभर खाद्य टाकत राहायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि थेंब टाकून पाण्याचा रंग बघायच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेत का ते तपासायचं. घाई असेल तर विरजण लावा. ओळखीच्या कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळलेल्या स्पंजचा तुकडा मागून आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. दुधात दह्याचा थेंब टाकावा तसं हे काम होतं. माझ्याकडून असे तुकडे नेणाऱ्यांना मी रिकाम्या हाती येऊ देत नाही. बदल्यात एखादी वनस्पती घेतो.

वनस्पती म्हटलं की गोष्ट मागे, लंडनपर्यंत जाते. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८४९ मध्ये एका काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि सोबत व्हॅलिसनेरिया लावली, तीच लांब हिरव्या पट्ट्यांसारखी पाणवनस्पती जी आज आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळते. मासे ठणठणीत राहिले, पण काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडलं. ज्या गोगलगायी दिसल्या की आपल्याकडचे नवशिके घाबरून सगळा टँक रिकामा करतात, त्या टँकच्या इतिहासात पहिल्या पानावर आहेत.

वनस्पतींचा टँक म्हणजे महागडं काम, असा समज आहे. तो अर्धाच खरा. जपानच्या निगाता प्रांतातला ताकाशी अमानो आधी सायकलशर्यतींमध्ये उतरलेला, मग वर्षावनांचे फोटो काढत फिरलेला माणूस. १९८२ मध्ये त्याने एडीए ही कंपनी काढली आणि दगड, लाकूड, गवतासारखी बारीक पाणवनस्पती यांतून पाण्याखाली डोंगरउतार, पायवाटा, रानं उभी केली. शेवाळ खाणारी एक पारदर्शक कोळंबी त्याच्यामुळे जगभरच्या टँकमध्ये पोचली आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. २०१५ साली, ज्या वर्षी तो गेला, त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने ४० मीटर लांबीचा आणि १ लाख ६० हजार लिटरचा टँक उभारला. अशा टँकला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, प्रखर दिवे, मोजून मापून खतं आणि दर आठवड्याला कात्री लागते. फोटो पाहून तसाच टँक पहिल्याच झटक्यात करायला जाणारे बहुतेक जण चार महिन्यांत शेवाळाला शरण जातात.

मला स्वतःला डायना वॉलस्टॅडचा मार्ग पटतो. या अमेरिकन बाईंचं वनस्पतींच्या टँकवरचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं, की तळाला बागेतली साधी माती घाला, तिच्यावर वाळूचा थर द्या, भरपूर वनस्पती लावा आणि बाकीचं त्यांच्यावर सोडा. वनस्पती अमोनिया थेट खातात. जिवाणूंची वाट पाहत नाहीत. माती मात्र शेणखत किंवा रासायनिक खत न घातलेली हवी. मी इंचभर माती चाळून घेतो, वर दीड इंच बारीक धुतलेली वाळू पसरतो आणि पाणी ताटलीवर ओततो, म्हणजे धार थेट वाळूवर पडून माती वर येत नाही.

काय लावायचं? सुरुवातीला ॲन्युबिअस आणि जावा फर्न. दोन्ही मातीत लावायच्याच नाहीत. त्यांचं आडवं खोड असतं, ते पुरलं की कुजतं. म्हणून काळ्या दोऱ्याने लाकडाला बांधून ठेवायचं आणि विसरून जायचं. मातीत व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरिन. क्रिप्टोकोरिन बाजारातून आणून लावली की आठवड्याभरात तिची पानं जेलीसारखी विरघळतात. मी पहिल्यांदा ती उपटून फेकून दिली होती. मुळं जिवंत असतात. दोन-तीन आठवडे तिला हात लावला नाही तर नव्या पाण्याला सरावलेली पानं येतात. तिची क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस ही बहीण आपल्या कोकणातल्या ओढ्यांत वाढते, आणि ज्या रोटालाच्या लाल शेंड्यांसाठी लोक पैसे मोजतात तिच्या कुळातल्या वनस्पती पावसाळ्यात आपल्याच सड्यांवरच्या डबक्यांत उगवतात. म्हणून त्या सड्यावरून उपटून आणायच्या असं नाही. नर्सरीत वाढवलेल्या मिळतात. कुठूनही आणलेली वनस्पती आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून धुवावी, नाहीतर चतुराची अळी आत येते आणि टेट्रा एकेक करून गायब व्हायला लागतात.

दिवा सहा ते आठ तास, टायमर लावून. खिडकीतलं ऊन नको. पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा ठेवला की आठवड्याने काचेवर शेवाळ हजर. खरी परीक्षा मे महिन्यात होते. पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि रात्री वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात. मी झाकण काढून कॉम्प्युटरचा छोटा पंखा पाण्यावर तिरका लावतो. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फाचे खडे टाकणाऱ्यांनी ते सरबतात टाकावेत. लाइट गेले तर? बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलेला बरा, कारण ऑक्सिजनवाचून माशांइतकेच ते जिवाणूही गुदमरतात.

आता मासे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँकमध्ये सुमारे ७० लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि काच धरून वजन शंभर किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर तो ठेवू नका. एवढ्या टँकमध्ये सोबतीने राहणारे मासे निवडताना मी चाळीतल्या खोल्यांसारखा विचार करतो: वरच्या मजल्यावर कोण, मधे कोण, तळाला कोण. मधे आठ-दहा टेट्रा, झुंडीनेच हवेत. दोन-तीन ठेवले तर घाबरून पानांमागे दडून बसतात. तळाला सहा कोरी, म्हणजे कोरिडोरस मासे. वाळूत मिशा खुपसत फिरता फिरता एखादी अचानक रॉकेटसारखी वर जाते, पृष्ठभागावरची हवा गिळते आणि परत खाली येते. ती आतड्यातूनही श्वास घेते, आजारी नसते. वर हनी गोरामीची जोडी. टायगर बार्ब आणि लांब परांचा मासा एकत्र ठेवू नका, पर कुरतडले जातात. एंजल आणि निऑन एकत्र छान दिसतात, एंजल मोठा होईपर्यंत. मग निऑन मोजायची गरज उरत नाही.

पाण्याकडे बघूनही निवड करावी. बोअरवेलच्या जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी खूश असतात. धरणाच्या मऊ पाण्यात टेट्रा. पाणी बदलायचं ते दर आठवड्याला पाव टँक, क्लोरीन घालवून. स्पंज मळला तर तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा हलकासा दाबायचा.

परदेशी माशांच्या या यादीत एक आपला मासा सांगायलाच हवा. अंगावर काळा पट्टा, त्यावर लाल रेघ, शेपटीवर काळे-पिवळे ठिपके. दुकानात तो मिस केरळ म्हणून मिळतो. फ्रान्सिस डे याने १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. २०१३ मध्ये चार भारतीय संशोधकांनी त्याच्यासाठी 'सह्याद्रिया' ही नवी प्रजाती निश्चित केली. त्यांतले नीलेश डहाणूकर हे तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये होते. टँकच्या बाजारासाठी बेसुमार पकडला गेल्यामुळे हा मासा आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. घ्यायचाच तर प्रजनन केंद्रात जन्मलेला घ्या, आणि चार फुटांचा टँक असेल तरच घ्या. तो वीतभर वाढतो आणि त्याला पोहायला लांबी लागते.

याच्या उलट गोष्ट सकर माशाची. 'काच साफ करतो' म्हणून बोटभर सकर गळ्यात मारला जातो. वर्ष-दोन वर्षांत तो फुटाच्या वर जातो, रोपं उपटतो आणि मग एका संध्याकाळी पिशवीत घालून त्याला जवळच्या तलावात सोडून दिलं जातं, वर जीवदान दिल्याचं समाधान. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्या पाण्यात तग धरतो, काठात बिळं करतो, स्थानिक माशांचं अन्न खातो. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो, त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

टँकमधला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, शाळेच्या टँकला द्या. नदीत, तलावात किंवा विहिरीत त्याचं विसर्जन करू नका.