उतारवयांतील हिमोफिलिया आणि मेंदूंतील रक्तस्राव

हिमोफिलिया म्हटला कीं सुशिक्षित माणसास व्हिक्टोरिया राणीच्या वंशाची आठवण होते. तिचा सर्वांत धाकटा मुलगा लिओपोल्ड यास हा विकार जन्मतःच होता. १८८४ सालीं फ्रान्समधील कान या गांवीं तो घसरून पडला आणि कांहीं तासांतच वारला. मेंदूंत रक्तस्राव होऊन हा मृत्यु ओढवला, असें मानलें जातें. आईकडून मुलाकडे येणारा हा वारसा आतां बहुतेकांस ठाऊक आहे. याच नांवाचा दुसरा एक विकार मात्र घराणें पाहत नाहीं. ज्यास जन्मभर रक्ताची कसलीहि तक्रार नव्हती, अशा वृद्धास तो एकाएकीं गांठतो, आणि स्त्री-पुरुष हा भेदहि मानीत नाहीं.

रक्त गोठण्याचें काम अनेक प्रथिनांच्या साखळीनें होतें. त्यांपैकीं आठव्या घटकाविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडें तयार करूं लागतें. रोगजंतूंवर धाडावयाची फौज घरच्याच माणसावर चालून जाते. १९४० सालीं लोझ्नर, जॉलिफ व टेलर या अमेरिकन डॉक्टरांनीं अशा रुग्णाचें वर्णन प्रसिद्ध केलें. ब्रिटनमध्यें २००१ ते २००३ या काळांत झालेल्या पाहणींत दर दहा लक्ष लोकसंख्येंत वर्षास सुमारें दीड रुग्ण आढळला. कांहीं स्त्रियांस तो बाळंतपणानंतर होतो, कांहींस संधिवात किंवा कर्करोग यांच्या जोडीनें. निम्म्या रुग्णांत कारणच सांपडत नाहीं.

जन्मजात विकारांत सांध्यांत रक्त सांचतें, येथें तें क्वचित्. येथें त्वचेखालीं तळहाताएवढे काळेनिळे डाग उमटतात, स्नायूंत रक्त भरतें. मेंदूंत रक्तस्राव होणें त्याहून विरळ. पण कवटींत जागाच नसल्यानें थोडें रक्तहि प्राणघातक ठरतें. डोकें दुखतें, वांती होते, जीभ अडखळते, एक बाजू लुळी पडते, ग्लानि येते.

सीटी स्कॅनमध्यें सांचलेलें रक्त दिसतें. तें कां वाहिलें हें दिसत नाहीं. रुग्ण वृद्ध, बहुधा रक्तदाबाचा; तेव्हां दोष रक्तदाबाच्या माथीं मारून पुढें जाण्याचा मोह होतो. रक्तबिंबिकांची संख्या ठीक असते, प्रोथ्रॉम्बिनची वेळहि ठीक असते. ‘एपीटीटी’ नांवाच्या चांचणीची वेळ तेवढी लांबलेली असते, आणि त्या एका आंकड्याकडे दुर्लक्ष होतें, किंवा तो हेपॅरिनचा परिणाम समजला जातो. वस्तुतः उलगडा सोपा आहे. रुग्णाचा रक्तद्रव निरोगी माणसाच्या रक्तद्रवांत निम्मानिम्मा मिसळावयाचा. नुसती उणीव असेल तर ती भरून निघते व वेळ पूर्ववत् होते. प्रतिपिंडें असतील तर होत नाहीं. मात्र मिश्रण ३७ अंश उष्णतेंत दोन तास ठेवावें लागतें, कारण हीं प्रतिपिंडें सावकाश काम करितात. ताज्या मिश्रणावर विसंबणारा येथेंच फसतो.

हें न ओळखतां कवटी उघडली तर शस्त्राच्या जखमेंतूनच रक्त थांबत नाहीं. बाहेरून रक्तद्रव दिला तरी त्यांतील आठवा घटक प्रतिपिंडें नष्ट करितात. म्हणून आठव्या घटकास वळसा घालणारीं औषधें द्यावीं लागतात: क्रियाशील सातवा घटक, किंवा क्रियाशील प्रोथ्रॉम्बिन-मिश्रण. डुकराच्या आठव्या घटकाचें कृत्रिम रूपहि वापरतात, कारण मानवी प्रतिपिंडांस तो पुष्कळदां नीटसा ओळखतां येत नाहीं. हीं औषधें महाग आहेत, आणि वृद्धांच्या हृदयाच्या वाहिनींत नको तेथें गुठळी करण्याचा धोकाहि त्यांत आहे.

त्याबरोबरच प्रेड्निसोलोनसारख्या औषधांनीं प्रतिपिंडांची निर्मिति दाबावी लागते. त्यास आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळांत शरीर जंतुसंसर्गास उघडें पडतें. स्नायूंत टोंचावयाचीं इंजेक्शनें टाळतात. घरच्यांनीं अलीकडे उठलेले डाग डॉक्टरांस आपण होऊन सांगितले तर निदानाचे मोलाचे तास वांचतात. बरा झालेला विकार कांहीं महिन्यांनीं उलटूं शकतो. म्हणून रुग्ण घरीं गेल्यावरहि आठव्या घटकाचें प्रमाण पुढें बराच काळ मधूनमधून तपासीत राहतात.