एका आकड्यावर निकाल नको
पुरुषांमधील संप्रेरकांच्या तपासण्या : अहवाल कसा वाचावा?

बँकेच्या सेवेत असताना कर्जप्रकरण समोर आले की केवळ विक्रीचा आकडा पाहून मी कधी शिफारस केली नाही. येणी, देणी, शिल्लक माल आणि मागील वर्षांचे ताळेबंद एकत्र मांडल्यावाचून शेरा लिहायचा नाही, ही शिस्त होती. रक्ताच्या अहवालाला मात्र हीच शिस्त आपण लावत नाही, हे मला भाच्यामुळे कळले.

भाचा ३४ वर्षांचा, कापडाचे दुकान सांभाळणारा. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नव्हते. वर्षभर थकवा, वाढते वजन, उदासपणा. गल्ल्यावर बसूनही लक्ष लागेना. घरी न सांगता व्यायामशाळेतील ओळखीच्याच्या सल्ल्याने त्याने तपासणी केली. रक्त दुपारी चार वाजता, जेवणानंतर, दुकानातच घेतले गेले. एकूण टेस्टोस्टेरॉन २२८ आले आणि लगेच इंजेक्शने सुचवली गेली. ती घेण्यापूर्वी त्याने अहवाल माझ्यापुढे ठेवला. “मामा, आईला सांगू नका,” एवढेच तो म्हणाला. आम्ही संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. तेथे जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

नमुना केव्हा द्यावा?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक पहाटे-सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरते. जेवणानेही ते खाली येते. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावा. आकडा कमी आल्यास दुसऱ्या दिवशी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासावा. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असे सकाळचे दोन आकडे आणि सोबत लक्षणे असतील, तरच कमतरता मानते. आजारपणात हा आकडा तात्पुरता घसरतो. अठ्ठाईसारख्या दीर्घ उपवासातही टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉईडचे टी-३ ही दोन्ही उतरतात. म्हणून पारण्यानंतर काही आठवडे जाऊ द्यावेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगावे. त्यांनी अहवालात चुकीचे आकडे येऊ शकतात.

मुख्यालय आणि शाखा

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी हे मुख्यालय समजा आणि वृषण ही शाखा. एलएच आणि एफएसएच हे मुख्यालयाचे आदेश. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेले, म्हणजे आदेश जातो पण शाखा काम करत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच कमी किंवा जेमतेम, म्हणजे दोष वरच्या पातळीवर असू शकतो. तेव्हा प्रोलॅक्टिनही पाहावे लागते. शिवाय बहुतेक टेस्टोस्टेरॉन रक्तातील प्रथिनांना बांधलेले असते. त्यांपैकी एसएचबीजी हे प्रथिन स्थूलपणात घटते. मग एकूण आकडा कमी दिसतो, तरी मुक्त टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते.

थायरॉईडचा हिशेबही असाच. टीएसएच हा मुख्यालयाचा आदेश, त्याची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४. थायरॉईड मंदावली की टीएसएच वाढते आणि मुक्त टी-४ घटते. तेव्हाची लक्षणे म्हणजे थकवा, वजनवाढ, उदासपणा, कामेच्छा कमी होणे. टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेचीही हीच! त्यातच मंद थायरॉईडमुळे एसएचबीजी घटून एकूण टेस्टोस्टेरॉनही खाली येते. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही थकव्याला कारण ठरते, तेव्हा तीही तपासलेली बरी.

भाच्याचे सकाळचे दोन आकडे २९० आणि ३०४ आले, एलएच सामान्य होते. टीएसएच मात्र २२! मुक्त टी-४ कमी. म्हणजे तूट एका खात्यात होती आणि बोट दुसऱ्याच खात्याकडे दाखवले जात होते. थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, दर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून मात्रा ठरली. पाच महिन्यांनी टीएसएच ३ आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन ४३० झाले.

घाईची किंमत

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की पीयूष ग्रंथी आदेश देणे थांबवते. त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती अतिशय घटते, कधी पूर्णपणे थांबते. म्हणजे ज्या मुलासाठी तो तळमळत होता, त्याचीच वाट ते इंजेक्शन बंद करण्याची शक्यता होती. खरी कमतरता सिद्ध झाल्यावर या औषधाला स्थान आहेच. तेव्हाही रक्तातील लाल पेशींचे प्रमाण आणि वयानुसार पीएसए तपासत राहावे लागते. मूल हवे असल्यास ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. त्यांच्यासाठी उपचाराचा मार्ग वेगळा असतो.

आपल्या घरांत मधुमेहाच्या आकड्यांवर पंगतीत चर्चा होते, या आकड्यांवर मात्र मौन. त्या मौनामुळेच मुलगा डॉक्टरांऐवजी व्यायामशाळेत विचारतो. वडीलधाऱ्यांनी दरवाजा उघडा ठेवला, तर तो आधी घरात विचारेल. औषध सुरू झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना भाच्याने आपणहून आईला सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “अरे, मग इतके दिवस एकटाच का सोसलेस?”