अंगदुखीआड दडलेले दुःख

मनातील वेदना शब्दांत न येता डोकेदुखी, अशक्तपणा, छातीतील धडधड अशा तक्रारींतून प्रकट होते, तेव्हा त्या प्रक्रियेस मानसशास्त्रात ‘शारीरीकरण’ म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, परंतु त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या; जेथे शरीराचे दुखणेही इतके झाकावे लागत होते, तेथे मनाचे दुखणे बोलून दाखवणे त्याहून कठीण असणार, हे उघड आहे. असे दुःख वर्षानुवर्षे आवरून धरणाऱ्या व्यक्तीची सहनशक्ती हातचे धान गेल्याने किंवा घरातील किरकोळ वादानेही अचानक ढासळू शकते, आणि भोवतालचे लोक त्या शेवटच्या निमित्तालाच कारण समजतात. वास्तविक, वारंवार उद्भवणाऱ्या अंगदुखीमागे शारीरिक कारण सापडत नसेल, तर झोप, भूक व उमेद यांविषयी आस्थेने विचारणे हा उपचाराचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते.